लोंबती चाकं

जीप उंच करणं म्हणजे मिस्त्रीच्या डाव्या हातचा मळ. त्यामुळे भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, जीप आणली तेव्हा त्यानं फारसा विचार केला नाही. भाऊजी दवाखान्याच्या नर्सबाईंना डोंगरावरच्या वस्त्यांवर नेत. वाटेत दगडच दगड, गाडीचं पोट घासायचं. मिस्त्रीनं लांब स्प्रिंगा घालून जीप चार इंच वर घेतली, मैदानात दोन चकरा मारल्या आणि चावी हातात दिली.

आठवड्यानं भाऊजी सांगत आले की चाक खड्ड्यात गेलं की खालून ठकठक होते. मिस्त्री दुसऱ्या गाडीत मान घालून बसला होता. स्प्रिंगा नव्या आहेत, बसतील हळूहळू, असं त्यानं वर न बघताच सांगितलं. भाऊजींनी मान डोलावली आणि ते गेले.

त्यानंतर चारच दिवसांनी, अशीच उंच केलेली दुसरी जीप ब्रेकच्या कामाला आली. मिस्त्रीनं तिच्या चासीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, लोखंडी घोडे लावले, चाकं हवेत लोंबकळली, आणि तो खाली सरकला. गिअरबॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट चासीच्या आडव्या पट्टीवर चक्क टेकला होता. त्यानं हातानं फिरवून पाहिला. फिरेना. गाडी जमिनीवर उभी असताना दोघांत बोटभर फट असायची. चाक खाली लोंबलं की तीही संपत होती.

भाऊजींच्या जीपची ठकठक हीच होती. भाऊजींचा फोन लागेना. ताईला विचारलं तर ते सकाळीच वर गेले होते. मिस्त्रीनं हातसुद्धा न पुसता मोटरसायकल काढली.

जीप दुसऱ्या चढावर आडवी उभी होती. भाऊजी कडेला बसले होते, उजव्या हाताच्या पंज्याला नर्सबाईंनी बांधलेलं फडकं रक्तानं भिजलं होतं. चाक घळीत उतरलं तसा शाफ्ट पट्टीवर आपटून सांध्यातून तुटला होता. तो काढून मागच्या चाकांवर गाडी न्यावी म्हणून भाऊजी चाकाला दगड लावून खाली शिरले. दगड सरकला, जीप वीतभर घसरली आणि पंजा चाकाखाली सापडला.

दवाखान्यात ताई यायच्या आधी भाऊजी त्याला हळूच म्हणाले, "खालून दगड लागला म्हणून तुटला, असं सांग. तुझ्या गॅरेजचं नाव खराब व्हायला नको."

मिस्त्रीला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई आली तेव्हा त्यानं तिला बाहेर नेलं.

"ताई, चूक माझी आहे. चाकं लोंबती सोडून बघायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. आणि ते आवाज येतो म्हणाले, तेव्हा मी उठलोसुद्धा नाही."

"दुसरीकडे दाखवा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते," ताई म्हणाली. "ते म्हणाले, मेहुण्यानं सांगितलंय, मग आणखी कुणाला दाखवायचं?" एवढं बोलून ती आत गेली.

मिस्त्रीनं उंच केलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. काय चुकलं ते प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. एकानं चार लोकांत त्याची लाज काढली आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. बाकीच्यांच्या आडव्या पट्ट्या त्यानं कापून खाली घेतल्या, म्हणजे शाफ्ट टेकणार नाही.

भाऊजींची दोन बोटं वाकत नाहीत ती नाहीतच. दीड महिन्यानं ते स्वतःच गॅरेजात आले आणि म्हणाले, "माझी गाडी घोड्यावर घे, मला बघायचंय."

मिस्त्रीनं नवा शाफ्ट घातलेली जीप उचलली. भाऊजी कुशीवर होऊन खाली गेले आणि डाव्या हातानं शाफ्ट फिरवू लागले, एकदा, दोनदा, पुष्कळ वेळा. मिस्त्री नुसता बॅटरी धरून बसला होता.

"फिरतोय," भाऊजी शेवटी म्हणाले. बाहेर आल्यावर कपडे झटकत पुढे बोलले, "तुझी ताई इतक्यात काही बोलायची नाही तुझ्याशी. पण तू घरी येत जा."