न्हाणीघरातून खुराड्यात

थोरल्या जावेनं आपल्या न्हाणीघरात कोंबडीची तेवीस पिल्लं वाढवली होती. मोठी झाली की ती धाकटीच्या परसातल्या खुराड्यात जायची, हे दोघींचं आधीच ठरलं होतं.

पहिले काही दिवस थोरली तासातासाला डोकावायची. पिल्लं उबेसाठी टांगलेल्या दिव्याखाली घोळका करून चिवचिवायला लागली की ती साखळी ढिली करून दिवा खाली घ्यायची. चोची उघड्या टाकून कडेला पळाली की वर. पुढे आठवड्याआठवड्याला दिवा वर वर चढत गेला. नवरा मात्र कावला होता. "आंघोळीला गेलं की तेवीस जण टक लावून बघतात. अंग चोरायचं तरी किती माणसानं?"

सहा आठवडे झाले तरी तिचं मन होईना. आज काय वारा, उद्या काय ढग. शेवटी धाकटीच टोपली घेऊन दारात उभी राहिली.

"वहिनी, अंगभर पिसं फुटलीत. चार दिवस दिवा बंद आहे, तरी कुणी कुडकुडत नाही. आता काय स्वेटर विणणार त्यांना?"

"विणले असते गं, पण माप द्यायला एक उभं राहील तर शपथ!"

भर दुपारी पिल्लं खुराड्यात गेली आणि भुसा उकरत हुंदडली. पण ऊन उतरलं तशी सगळी एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली. थोरली धावत दाराशी आली.

"खालची गुदमरतील!"

"दिवा आणू का?"

थोरलीनं भुशावर तळवा टेकला. गार नव्हता. "थंडी नाही वाजत त्यांना. जागा नवी, बावरलीत." पदर खोचून ती वाकून आत शिरली आणि त्या कोपऱ्यातच फतकल मारून बसली. ढीग करायला कोपराच उरला नाही. मग दोघींनी एकेक पिल्लू उचलून खुराड्यातल्या आडव्या दांडीवर ठेवलं. ती खाली उड्या मारायची, या पुन्हा ठेवायच्या.

"तू लग्न होऊन आलीस, त्या संध्याकाळी जिन्यात बसून राहिली होतीस," थोरली म्हणाली.

"आणि तुम्ही शेजारी येऊन बसलात. चकार शब्द न बोलता."

"काय बोलणार? माझ्या तरी कुठं ओळखीची होतीस!"

धाकटी खुदकन हसली. अंधारून आलं तशी चिवचिव थांबली. बरीचशी दांडीवर टेकली, चार-पाच थोरलीच्या मांडीत पेंगली. कुंपणापलीकडून थोरलीच्या नवऱ्याची हाक आली.

"अहो, वाढून घ्या आज," ती हळूच म्हणाली. "मला उठता येत नाही."