पोशाचा टाक

कळंबच्या चांगोबाने एका वर्षात जेवढी सुकट विकत घेतली, तेवढी अख्ख्या आळीने मिळूनही घेतली नसेल. घरात खाणारा तो एकटा. बायको सोमी जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा कान्हा भिवपुरीच्या वीजघरात कामाला आणि सून जयाला घेऊन तिथल्याच चाळीत राहायला. तरी दर बाजाराला हा साठीचा गडी एसटीने कर्जतला जायचा आणि सुकटवाल्या गौराबाईच्या पाटीसमोर उकिडवा बसायचा. सुकट हे निमित्त. खरं म्हणजे गौराबाई बोलायची छान, आणि ऐकायची त्याहून छान.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. गौराबाईही गेल्या साली गेली. पण ते दिवस आठवले की चांगोबा ओटीवर बसून एकटाच गालात हसतो आणि शेजारपाजारचे म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणोत बापडे.

गौराबाई दहिवलीची. नवरा पोशा साप चावून गेलेला, मूलबाळ नाही. एका बाजारी चांगोबाने आडपडदा न ठेवता विचारलं, "गौराबाई, माझ्याशी पाट लावशील?"

तिने हातातलं माप खाली ठेवलं. "पंच काय म्हणतात ते बघा आधी," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही, एवढ्यावर चांगोबा हवेत तरंगत घरी आला.

विधवेचा पाट त्यांच्या जातीत बापजाद्यांपासून चालत आलेला, त्याला कोणी नाक मुरडायचं कारण नव्हतं. लोकांना खुपलं ते चांगोबाचं वय. कान्हा तर तणतणतच आला.

"बा, भाकरीसाठी हा उद्योग कशाला? जया रोज डबा पाठवील."

"भाकर मला थापता येते रं. घरात माणूस पायजे. बोललो तर ऐकायला, आजारी पडलो तर अंगावर हात ठेवायला."

"या वयात?"

"या वयातच."

"मग मी तुझी पायरी चढणार नाय," कान्हा म्हणाला.

पंचांनी कुरकुरत परवानगी दिली, पण रीतीप्रमाणे सोमीचा टाक गौराबाईने गळ्यात बांधायचा, असं बजावून. पहिलीचा आत्मा रुसू नये म्हणून दुसरीने तिची चांदीची छोटी प्रतिमा गळ्यात वागवायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही जुनी चाल. चांगोबा कर्जतच्या सोनाराकडे गेला. तयार टाक सगळे एकाच तोंडवळ्याचे. "हिचं नाक बसकं होतं," असं सांगून त्याने सोनाराला दोनदा नाक ठोकायला लावलं. मनासारखं उतरल्यावर त्याचे डोळे भरून आले.

तो टाक त्याने गौराबाईच्या हातावर ठेवला. तिने तो पदराने पुसला, निरखून पाहिला.

"बांधीन की," ती म्हणाली. "पण माझ्या पोशाला कुठं ठेवू? अकरा वर्षं संसार केलाय त्याच्याशी. त्याचा टाक तुमी बांधा. मग येते."

बाप्याने बायकोच्या पहिल्या नवऱ्याला गळ्यात वागवायचं, हे सात गावांत कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो सुकट न घेताच परतला. पुढचे दोन बाजार गेलाच नाही. बाईचं डोकं फिरलंय, असं त्याने गाईला सांगितलं, भिंतीला सांगितलं. दोघांनीही हुं की चूं केलं नाही.

मग एका दुपारी जेवताना त्याला सोनाराच्या दुकानातलं ते बसकं नाक आठवलं. सोमीवर आपला जीव होता, तसा हिचाही पोशावर असेलच की. इतकी साधी गोष्ट आपल्याला पंधरा दिवस कळली नाही, याची त्याला लाज वाटली. तिसऱ्या बाजारी तो पाटीसमोर बसला आणि म्हणाला, "पोशा दिसायला कसा होता, सांग."

"डाव्या कानात बाळी होती," गौराबाई म्हणाली, आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला बोट लावून दाखवलं.

पाटाच्या दिवशी चांगोबा पंचांसमोर बसला तो पोशाचा टाक बंडीवर, सगळ्यांना दिसेल असा घालून. शेजारची अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली. पंचांतला एकजण म्हणाला, "अरं, लाज कुठं ठेवलीस?" चांगोबा म्हणाला, "तुमी पाटाचं बोला." दारापर्यंत आलेला कान्हा मात्र तिथूनच मागे फिरला. नऊ वर्षं आला नाही. ते तेव्हाही दुखलं, आजही दुखतं; उगाच खोटं कशाला सांगा.

माणसं पांगली. घरात दोघंच उरली. चांगोबा अवघडून ओटीवर बसला. गौराबाईची नजर त्याच्या टाचांवर गेली. चिखलात राबून भेगा पडलेल्या, एकीतून रक्त आलेलं. तिने काही न विचारता चुलीवर कोकमाचं तेल वितळवलं, समोर येऊन बसली, त्याचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि अंगठ्याने भेगांत तेल भरू लागली.

तीन वर्षांत त्याला माणसाचा हात लागला नव्हता. चांगोबा रडू लागला. थोडंथोडकं नाही, खांदे हलेपर्यंत रडला. गौराबाईने तो पाय अलगद खाली ठेवला.

"दुसरा पाय द्या," ती म्हणाली.