टाकलेली

मला आधी राग आला तो भगवानरावांचा. मग माझा. माझा अजून गेलेला नाही.

मी अंबाजोगाईत नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवते. एका दुष्काळात पाटोद्याकडच्या एका महिला दूध संस्थेचे सचिव भगवानराव माझ्याकडे आले. जनावरांसाठी पाण्याची टाकी हवी होती आणि देणारी मंडळी जर्मन होती. पत्र जर्मनमध्ये लिहायचं होतं, म्हणून भगवानरावांनी सभासद बायांची यादी पुढे केली. प्रत्येक नावापुढे एकेक शब्द: पिचलेली, खचलेली, टाकलेली.

जर्मनमध्ये हे फार सोपं. क्रियापदाचं विशेषण करायचं, पहिलं अक्षर मोठं काढायचं, आधी 'डी' लावायचं, झालं नाम! 'डी फरलासेनं', म्हणजे टाकलेली. मग बाई तेवढीच उरते, तिचं नाव-गावही लागत नाही. मी यादी झटपट उरकली आणि वर स्वतःवर खूश झाले. शिकलेल्या बाईची अक्कल!

पण त्या संस्थेत रीत होती, कागद मोठ्याने वाचल्याशिवाय अंगठा नाही. म्हणून गावी गेले आणि संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायांना मराठीत वाचून दाखवू लागले. चेअरमन छबुबाईंचं नाव आलं आणि त्यांनी किटली आपटली.

"मला कुनी टाकलं वो? दारू पिऊन मारायला उठला, मीच भाईर काढला त्याला. चार म्हशी सांबाळते मी. ह्ये कावून न्हाई लिवलं?"

"रडल्याबिगर माय बी दूध पाजत न्हाई," भगवानराव म्हणाले. "टाकी पायजे का न्हाई?"

"पायजे. पन मी टाकलेली न्हाई. बाई, खोडा ते. धार काढनारी, आसं लिवा."

मी खोडलं. 'डी मेल्केंडं' लिहिलं. मग बाकीच्या बायाही उठल्या. कुणी ऊस तोडणारी झाली, कुणी विहीर खोदणारी. भगवानराव शिक्का खिशातून काढेनात.

"चेअरमन मी हाय," छबुबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. शिक्का निमूट बाहेर आला.

दोन महिन्यांनी छबुबाईंचा फोन आला. टाकी शेजारच्या गावाला मिळाली होती, तिथल्या बाया जास्त गरजू ठरल्या म्हणे. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आमी हापशावरून आनतोच हाय. पन त्यायचं पत्र कुनी लिवलं वो?"

मीच लिहिलं होतं. यांच्या पत्राच्या आदल्याच आठवड्यात, सगळ्याजणींना टाकलेल्या करून. आणि त्या बायांना वाचून न दाखवताच पाठवून दिलं होतं.