लाल करंटाची छाटणी

करंट म्हणजे आंबटगोड बोरांसारख्या फळांचं झुडूप; त्याची छाटणी फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायच्या आत उरकावी लागते. कुंपणाशी अजून बर्फ होता, तरी आई कात्री घेऊन बाहेर पडली. यंदा मी तिच्या मदतीला गेले नाही. मुद्दामच. खिडकीत उभी राहून बघत राहिले.

रशियातल्या वोलोग्दाकडच्या या गावात माझी सेहेचाळीस वर्षं गेली, त्यातली नऊ आईच्या दिमतीला. यारोस्लाव्हल शहरात माझ्या मैत्रिणीनं, रायसानं, शिवणकामाच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. पण हिवाळ्यात आईनं दोनदा गॅस उघडा टाकला. तिला एकटी सोडायची कशी? शेवटी मी ठरवलं, करंट नीट छाटला तर ती धड आहे आणि मी सुटले. हे तिलाही सांगून टाकलं.

"माझी परीक्षा घेतेस का गं, लिदा? घे!"

काळ्या करंटाच्या जुन्या फांद्या बुडापासून काढायच्या. लालला मात्र जुन्या फांद्यांवरच फळ धरतं, त्यांना हात लावायचा नाही. पानं नसताना काळं कुठलं, लाल कुठलं ते ओळखायला आमच्याकडे डोळा चुरगाळून हुंगतात. काळ्याला वास येतो, लालला नाही.

आईनं चार काळी झुडपं हुंगून झकास छाटली. मी मनातल्या मनात बॅग भरली. पाचवं लाल होतं. तिनं हुंगलं आणि सगळ्या जुन्या फांद्या सपासप कापून टाकल्या.

मी धावले. "आई, अगं तो लाल!"

"लाल? मला तर वास आला." तिचा आवाज बारीक झाला. "नाक गेलं बघ माझं. पण तू जा. माझं काय!"

काय जाणार, कपाळ! सगळ्या फांद्यांचा मी एकच ढीग केला, घरात आले आणि येत नाही म्हणून सांगायला रायसाला फोन लावला.

"शुद्धीवर आहेस ना?" ती ओरडली. तासाभरात तिनं ती जागा भाचीला देऊन टाकली. मी टॉवेलात तोंड खुपसून रडले.

संध्याकाळी आईनं दर वसंतातल्यासारखा छाटलेल्या काड्यांचा चहा ठेवला. घरभर वास सुटला. उरलेली जुडी टेबलावर होती. सहज एक काडी मोडून हुंगली. काळी. दुसरी काळी. तिसरीही. अख्ख्या जुडीत लालची एक काडी नव्हती.

"ढिगातून निवडल्यास कशा गं?"

"वासावर. आणखी कशावर निवडणार?" ती म्हणाली, आणि किटलीवरचा तिचा हात थबकला.

मला इतका राग आला की कप भिंतीवर फेकावासा वाटला. फेकून जाणार कुठे होते?

आईनं माझा कप भरला. जामची बरणी माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

"त्या लालला पुन्हा फळ धरायला तीन वर्षं लागतील," ती म्हणाली. "तोवर आहेस ना?"