खुर्चीची कड

“आक्का, चित्र झ्याक हाय. भोक तेवढं बुजव की.”

क्रांतीनं जलरंगात काढलेली खुर्ची संग्रामनं नव्या हॉलच्या भिंतीला लावून बघितली. धाकटा भाऊ चेष्टा करतोय असं तिला वाटलं.

“का?”

“उद्या वास्तुशांतीला पावणं येत्यात. आईची हागायची खुर्ची दाखवू त्यास्नी?”

आईला खाली बसता येईना, तेव्हा वडिलांनी, तात्यांनी, ती केली होती. जन्मभर फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न घडवणारा माणूस. घरासाठी कधी साधा पाट केला नव्हता. चार पाय, दोन हात, बसायच्या फळीत गोल भोक. आईला टोचू नये म्हणून भोकाची कड ते पॉलिशपेपरनं घासायचे आणि गाल लावून बघायचे. पुन्हा घासायचे.

खालची बादली क्रांतीनं आणि तात्यांनी धुतली, आई जाईपर्यंत. संग्राम नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचा, “बरी हाय न्हवं?” क्रांती लॅबमध्ये तंत्रज्ञ. विष्ठेचे नमुने तपासणं हे तिचं रोजचं काम. बादलीची किळस तिला कधी आली नव्हती. आत्ता आली. हॉलभर फवारलेल्या मोगऱ्याच्या वासानं तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

“न्हाय बुजवणार. खुर्ची कुठाय? परड्यात होती.”

“वन्सं, ती मघाशीच बंबात घातली,” संग्रामची बायको मोना म्हणाली. “सागवान ना, मस्त पेटलं. तात्यांना कडकडीत पाणी मिळालं आंघोळीला.”

“त्यांना सांगितलंत?”

“कशाला?” संग्राम हसला. “पाणी तापलं, काम झालं. जळल्यावर कसला आलाय वास?”

क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. स्लाइडवर काही सापडलं की ती कधी नजर काढत नसे.

आवाज ऐकून तात्या आतून आले. केस अजून ओले होते, कानामागून पाणी ओघळत होतं. त्यांनी संग्रामच्या हातातून चित्र घेतलं. भोकाच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवला. मग कागद उचलून गालाला लावला.

“टोचत न्हाय,” ते म्हणाले.

ओल्या गालावर तपकिरी रंग उतरला. मोना नॅपकिन घेऊन पुढं झाली. क्रांतीनं तिचा हात धरला.