शकुबाईचा धवला

मी दुसरी शिकलेली. तरी बोनकोड्यात माझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती होत नव्हती, आणि त्याचा मला ताठा होता. तो कसा उतरला ते सांगते.

शकुबाई आमच्या गावची धवलारीन. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीन. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही. चाळीस वर्षं ती पुढे गायची आणि मी मागून झेलायचे. कुठे लिहिलेलं काही नाही, सगळं तिच्या डोक्यात. यंदा तिच्या गळ्यात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर आवाज राहील की नाही सांगता येत नाही. शकुबाईने मला बोलावून घेतलं.

"पुतले, तुजे घरान तो मोठा मोबाईल हाय ना? शुक्रवारी घेऊन ये. जे हाय ते सगला भरून ठेव."

मोठा मोबाईल म्हणजे टॅब. माझ्या लेकाने, रूपेशने दिवाळीला दिलेला. मी त्याला मखमलीची पिशवी शिवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हते.

शुक्रवारी सकाळी सून नमिता म्हणाली, "आई, टॅब जरा द्या. त्यातली जागा भरत आलीय. गुड मॉर्निंगची फुलंच तीन हजार आहेत. ती काढून टाकू. आणि विमानाचं चित्र दाबून ठेवा, म्हणजे मधेच कुणाचा फोन येणार नाही."

"माजी फुलं काढनारी तू कोन?"

"बरं, राहू द्या. निदान दोन मिनिटं भरून आधी ऐकून तरी बघा."

"तू पालन्यात होतीस तवापासून मी लग्ना लावतंय. मना नको शिकवू. मेथी निवड."

दुपारी शकुबाईच्या ओटीवर सात-आठ बायका जमल्या. नमिता उंबऱ्याशी बसली. मी लाल ठिपका दाबला, आकडे पळायला लागले, आणि टॅब आरतीच्या ताटासारखा समोर धरला. शकुबाईने गावदेवीला हाक मारून सुरुवात केली. चालू धवला मधे तोडायचा नसतो. तोडला तर नवरा-नवरीचं तुटतं, असं आम्ही मानतो.

वीसेक मिनिटं झाली असतील. टॅबवर एक चौकट आली. इंग्रजी अक्षरं, खाली दोन शब्द. मी त्यातला एक दाबला. चौकट गेली. लाल ठिपकाही गेला. आकडे थांबले.

मला इंग्रजी अक्षर कळत नाही, पण थांबलेलं घड्याळ कळतं. मला तेव्हाच कळलं. नमिता तीन हातांवर होती. नुसती मान हलवली असती तरी ती सरकत आली असती, धवला न तोडता तिने ते नीट केलं असतं. पण मग सात-आठ बायकांनी बघितलं असतं की सासूच्या हातातून सुनेने टॅब घेतला. मी टॅब आणखी वर धरला.

शकुबाई त्या टॅबकडे बघून गात होती. खोकत होती, पाण्याचा घोट घेत होती, पुन्हा गात होती. मांडवाचं गायलं, हळद दळायचं गायलं, पोरीला वाटेला लावायचं गायलं. चांगला पाऊण तास. शेवटी तिने विचारलं, "भरला ना सगला?"

"भरला," मी म्हटलं.

"मंग मी मोकली. आता गला कापा नायतर ठेवा."

बायकांनी डोळे पुसले. मी टॅब मखमलीच्या पिशवीत घालून गाठ मारली. त्या दिवशी घरात कुणी काही बोललं तरी मी उलट बोलले नाही. रूपेशला वाटलं मला ताप आहे.

शनिवारी सकाळी नमिता म्हणाली, "आई, ऐकवा ना. आणि एक कॉपी दुसरीकडे ठेवू, टॅब पडला-बिडला तर."

"चार्जिंग नाय त्याला," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिने वाद घातला असता तर मी जिंकले असते. मी पिशवी आणून ओट्यावर ठेवली.

"बघ, काय हाय त्यात."

तिने लावलं. शकुबाईचा आवाज दबका आला, आणि एकविसाव्या मिनिटाला गपकन बंद झाला.

"थांबलेलं तुम्हाला कळलं नव्हतं ना?"

नाही म्हणायची वाट तिने मोकळी करून दिली होती. "कललेला," मी म्हटलं.

तिच्या हातून असं झालं असतं तर मी कोपरखैरणेभर वाजवलं असतं. तिने हात धुतले आणि शेजारी बसली. "आधी जागा करू." फुलावर बोट दाबून धरायचं, मग बाकीच्यांवर फिरवायचं, मग कचऱ्याचा डबा. आणि तो डबाही रिकामा करायचा, नाहीतर जागा होतच नाही. तीन हजार फुलं मी माझ्या हाताने काढली. आवाज आत जातो ते बारीक भोक कुठे आहे तेही तिने दाखवलं. काल माझा अंगठा त्याच्यावरच होता.

दुपारी शकुबाईकडे गेलो. तिची सून जाई समोर होती, तरी मी सगळं सांगितलं. मला तेव्हाच कळलेलं, तेही. कालच्या गाण्याने शकुबाईचा गळा पार बसला होता, नुसती घरघर निघत होती.

"खांबासारखी बसलेलीस," ती म्हणाली. "मना वाटला, काय मन लावून ऐकतंय."

मी पिशवीची गाठ सोडली.

"मी आता नाय गाऊ शकत. तू गा. चुकलीस का सांगन."

विमान दाबलं. दोन मिनिटं भरून ऐकलं. मग गायले. चाळीस वर्षांत पुढे कधी गायले नव्हते. चुकले की ती गुडघ्यावर चापट मारायची. धवला तोडू नये हे तिनेच शिकवलेलं, आणि त्या दिवशी तिनेच तो वीस वेळा तोडला.

सोमवारी ऑपरेशन झालं. शकुबाई वाचली, आवाज गेला.

नमिताने ते भरलेलं तीन ठिकाणी ठेवलंय. नको असलेलं कापायचं कसं तेही तिने मला शिकवलं, दोन्ही टोकं बोटाने आत ओढायची. "मधलं रागावणं काढू या का, आई? पोरी ऐकतील."

त्यात एका जागी शकुबाई घरघरत म्हणते, "काल कललेला ना तुला? मंग गप का बसलीस?"

ते मी कापलं नाही. धवले शिकायला पोरी येतात, त्यांना आधी तेच ऐकवते.