मुबिरूच्या पुड्यात नसलेला पेटा

तीस वर्षं मी कोंबड्या पाळल्या, कापल्या, त्यांची पिसं काढली, शिजवल्या. खाल्ली एकही नाही. आमच्यात बायका कोंबडी खात नसत. का, ते कुणी धड सांगितलं नाही आणि विचारणाऱ्या पोरीच्या पाठीत धपाटा बसे. त्यातून पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातला तो दाणे दळणारा कडक गोळा, फक्त घरधन्याचा. बाई ज्याला पेटा वाढते तो त्या घरचा मालक, एवढं लहान पोरालाही ठाऊक.

नवरा वारला आणि वर्ष व्हायच्या आत त्याचा धाकटा भाऊ मुबिरू फेऱ्या मारू लागला. माझ्या केळीच्या बागेत घड चाचपत फिरायचा. माझ्याच म्हणते मी. नवरा मासे धरायला दूरच्या मोठ्या तळ्यावर गेला की महिना महिना येत नसे. पाठीला पोर बांधून केळी लावायचे खड्डे मी खणले.

"वहिनी, रविवारी थोरल्या काकांना घेऊन येतो," एक दिवस तो अंगणातूनच म्हणाला. "कोंबडी कर. पेटा माझ्या पानाच्या पुड्यात घाल, काकांच्या देखत. विषय मिटला."

"आणि माझं काय, भावजी?"

"तुझं काय व्हायचंय? बाग माझी झाली की तूही माझ्याच घरात. खाऊनपिऊन सुखात राहशील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हटलं, "बरं. करते कोंबडी." स्वारी खूश होऊन गेली.

रविवारी मी सगळ्यात दांडगा कोंबडा कापला. केळीची पानं विस्तवावर धरून मऊ केली, त्यांत मांस आणि शेंगदाण्याचं कालवण घालून पुडे बांधले आणि वाफेवर ठेवले. माझी लेक नाब्बोसा पानं धरत होती.

"आई, जेवणार दोघं. तिसरा पुडा कुणाला?"

"तू पान नीट धर. फाटेल."

पाहुणे चटईवर बसले. रीतीप्रमाणे मी गुडघे टेकून काकांना पुडा वाढला, मग मुबिरूला. त्याच्यापुढेही गुडघे टेकले. मला सगळ्या रीती मोडायच्या नव्हत्या, एकच मोडायची होती. मग तिसरा पुडा घेतला आणि भिंतीपाशी नवऱ्याचं बुटकं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले.

मुबिरूनं पान उघडलं. तंगडी बाजूला सारली, पाठीचा तुकडा उलटा केला, कालवणात बोट फिरवलं.

"वहिनी, पेटा विसरलीस."

"नाही विसरले."

मी माझा पुडा सोडला. पेटा वरच होता. उचलला आणि तोंडात टाकला.

"थुंक," मुबिरू म्हणाला. "थुंक ते आधी."

मला बोलता येत नव्हतं. पेटा फार चिवट. मी त्याच्याकडे बघत चावत राहिले.

"बाईनं कोंबडी खाल्ली की कूस आटते, माहीत आहे ना?"

मी गिळलं. "या कुशीनं तुमच्या भावाला तीन लेकरं दिली, भावजी. आता खुशाल आटू दे."

काकांना ठसका लागला. बराच वेळ ते तोंडावर हात धरून खोकत होते.

"काका, बघत काय बसलात? बोला की हिला काहीतरी."

"काय बोलू? पेटा गेला पोटात. आता तुला कुठून काढून देऊ?" काका स्वतःचा पुडा सोडू लागले. "ही खड्डे खणत होती तेव्हा मी रोज या वाटेनं जायचो. ही दिसायची. तू कधी दिसला नाहीस."

मुबिरू उठला. काहीतरी पुटपुटत गेला. पुडा तसाच राहिला.

पेट्याची चव विचाराल तर काही विशेष नाही. चामडं चावल्यासारखं. एवढ्यासाठी आमच्या आयांनी, आज्यांनी जन्मभर जीभ आवरली, आणि पाठीत धपाटे घातले आमच्या. मला तिथेच रडू आलं, रागानं.

मुबिरूचा पुडा उचलून मी नाब्बोसापुढे ठेवला. ती घाबरून दार लावायला निघाली. शेजारणी कुंपणाशी उभ्या होत्या.

"राहू दे उघडं," मी म्हटलं. "बस. तंगडीपासून सुरू कर."